वाचकांचे प्रश्न : पुन्हा तेच पाप, पुन्हा तोच पश्चात्ताप

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, येशूच्या नावात सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याचे काम माझ्याकडे असते आणि संडेस्कूलही मी काही वर्षे सांभाळले आहे. माझे पाप राग हे आहे. आमच्या घराण्यात सगळेच जमदग्नी असे लोक म्हणतात, आणि माझे वडील तसेच होते, हे खरे आहे. गेल्या महिन्यात रात्री जेवताना कळले की, थोरल्या मुलाने गणिताची उत्तरपत्रिका दप्तरात लपवून ठेवली आहे. मी समोरचे ताट भिंतीवर भिरकावले आणि कमरेचा पट्टा काढला. धाकटी मुलगी एक शब्दही न बोलता खाली बसली आणि फरशीवरचा भात वेचून वाटीत भरू लागली. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी गुडघे टेकून रडलो आणि पुन्हा असे होणार नाही असे प्रभूला वचन दिले, पण ते वचन आठवडाभरही टिकले नाही. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री पाप पदरी घ्यायचे, म्हणजे देवाजवळ कबूल करायचे, रविवारी भाकर व प्याला घ्यायचा आणि मंगळवार-बुधवारपर्यंत पुन्हा तेच. माझ्या मोटारसायकलचा आवाज आला की मुले टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जातात. पत्नी काही बोलत नाही. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील सव्विसावे वचन वाचल्यापासून मला झोप नाही. जाणूनबुजून पाप करणाऱ्यासाठी आता यज्ञच उरला नसेल, तर माझे काय? माझा पश्चात्ताप खोटा आहे का? आणि मी प्रभुभोजन घेणे थांबवावे का? – एक वाचक

उत्तर : प्रिय बंधू, ज्या वचनाने तुमची झोप उडवली त्यापासूनच सुरुवात करतो. इब्री लोकांस पत्र ज्यांना लिहिले गेले त्यांनी ख्रिस्तासाठी मालमत्तेची लूट सोसली होती आणि तुरुंगातील बांधवांची दुःखे वाटून घेतली होती. हे त्याच अध्यायात थोडे पुढे लिहिले आहे. त्या छळाला कंटाळून काहींनी एकत्र जमण्याचे सोडून दिले होते आणि ख्रिस्ताला सोडून मागे फिरण्याचा विचार त्यांच्या मनात घोळत होता. सव्विसाव्या वचनातील पाप कोणते, हे एकोणतिसावे वचन उघड सांगते : देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणे, कराराचे रक्त अपवित्र मानणे आणि कृपेच्या आत्म्याचा अपमान करणे. म्हणजे ज्या एकाच यज्ञाने क्षमा मिळते, तो यज्ञच झिडकारणे. जो ख्रिस्ताला नाकारून निघून गेला आहे, त्याला दुसरा यज्ञ कुठून मिळणार, असा लेखकाचा प्रश्न आहे. आपण ख्रिस्ताला गमावून बसलो की काय या भीतीने तुम्ही रात्री जागता. हे वचन ज्याच्याविषयी आहे त्याला ती भीती वाटत नाही.

ख्रिस्ताला नाकारलेल्याला परत घ्यावे की नाही, हा प्रश्न मंडळीसमोर, म्हणजे चर्चसमोर, प्रत्यक्षात फार लवकर उभा राहिला. इ. स. २५० मध्ये रोमचा सम्राट डेसियस याने साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला, आणि रोम व कार्थेज येथील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी अर्पण केला किंवा पैसे देऊन खोटा दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक रडत परत आले. रोममधील नोवेशियन म्हणाला की, मंडळी त्यांना कधीही परत घेऊ शकत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कर्नेलियस यांनी मात्र त्यांना परत घेतले, पण लगेच नव्हे, तर मंडळीसमोर दीर्घ काळ प्रायश्चित्त केल्यावर. पुढे इ. स. ३२५ मध्ये निकेया येथील परिषदेने ठरवले की, नोवेशियनच्या पंथातून परत येणाऱ्या धर्मगुरूंनी अशा पतितांबरोबर सहभागिता ठेवण्याचे लेखी मान्य केले पाहिजे. तुमच्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. प्रत्यक्ष ख्रिस्ताला नाकारलेल्यांसाठीही मंडळीने दार उघडे ठेवले, ही पहिली. आणि त्या दारातून आत येण्याची वाट लांब होती व सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायची होती, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे मी परत येणार आहे, कारण तुमच्या पत्रात मला तीच कमी दिसते.

आता पश्चात्ताप खोटा आहे का, याविषयी. तेच पाप पुन्हा घडले म्हणजे आधीचा पश्चात्ताप ढोंग होता, असे तुम्ही गृहीत धरले आहे. येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ तो माणसांना भ्याला आणि त्याने प्रभूला तीनदा नाकारले, हे आपल्याला पाठ आहे. समुद्रकिनारी पुन्हा तशाच विस्तवाजवळ पुनरुत्थित प्रभूने त्याला तीनदा विचारले आणि कळप त्याच्या हाती दिला, हेही आपण पुनरुत्थानाच्या सणानंतर दरवर्षी ऐकतो. पण त्यानंतरचा एक प्रसंग उपदेशात क्वचितच येतो. पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, होऊन गेला, पेत्राने यहूदी न्यायसभेसमोर निर्भयपणे साक्ष दिली, कैसरियात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, राहिला आणि त्याबद्दल यरुशलेमेत उत्तरही दिले. त्यानंतर अंत्युखियात, यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर, तोच पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून मागे सरला. का? गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहूदी लोकांच्या, भीतीमुळे. अंगणात दासीसमोर जी भीती त्याला खाली घेऊन गेली, तीच माणसांची भीती पवित्र आत्मा मिळालेल्या प्रेषिताला इतक्या वर्षांनी पुन्हा खाली घेऊन गेली. त्याचा पहिला पश्चात्ताप खोटा होता का? पौल तसे म्हणत नाही. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे तो नीट चालत नाही, असे पौल म्हणतो आणि सर्वांसमक्ष म्हणतो. पेत्राने ते ऐकून घेतले असले पाहिजे, कारण पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘प्रिय बंधू’ असा येतो.

तुम्ही चिकाटी म्हणजे न पडण्याचा अखंड विक्रम असे समजता. पेत्राकडे तो विक्रम नव्हता. त्याच्याजवळ होती ती प्रभूने पतनाच्या आधीच करून ठेवलेली प्रार्थना. लूकच्या शुभवर्तमानात बाविसाव्या अध्यायात, सैतान तुम्हांला गव्हाप्रमाणे चाळणार आहे असे सांगून प्रभू म्हणतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. तू पडूच नयेस अशी विनंती त्याने केली असे तिथे लिहिलेले नाही. उलट ‘तू वळलास म्हणजे’ आपल्या भावांना स्थिर कर, असे तो सांगतो. म्हणजे पडणे आणि वळणे दोन्ही त्याला ठाऊक होते. तुमचे टिकणे तुमच्या रात्रीच्या वचनांवर अवलंबून असते, तर तुम्ही कधीच संपला असता. १६१८-१९ च्या नेदरलँड्समधील डोर्ट येथील धर्मसभेची शिकवण मानणारे म्हणतात की, खरा विश्वासी अखेरीस नाश पावत नाही. जॉन वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्ट, परंपरेतील बांधव म्हणतात की, विश्वासी मनुष्यही विश्वास टाकून दूर जाऊ शकतो. आपल्या महाराष्ट्रात या दोन्ही विचारांच्या मंडळ्या आहेत आणि हा वाद मी इथे मिटवू शकत नाही. पण पडलेल्याने उठून ख्रिस्ताकडे यावे आणि आल्यास त्याला घालवून दिले जात नाही, यावर दोघांचे एकमत आहे, आणि आज तुम्हांला गरज आहे ती याच गोष्टीची.

हा दिलासा मी तुम्हांला मनापासून देतो. पण इथेच थांबलो तर मी तुमचे नुकसान करीन, आणि तुमच्या मुलांचे त्याहून अधिक.

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमचा सगळा पश्चात्ताप रात्री, सगळे झोपल्यावर, देव आणि तुम्ही या दोघांतच होतो. जिने फरशीवरचा भात वेचला तिने तो ऐकला नाही. ज्याच्या पाठीवर पट्टा बसला त्यानेही ऐकला नाही. त्यांना दिसतो तो रविवारी शास्त्रपाठ वाचणारा बाप, आणि मंगळवारी तोच बाप. तुमचा पश्चात्ताप खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण तो अर्धा आहे. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले’ असे दावीद राजाने बथशेबेशी केलेल्या व्यभिचाराबद्दल नाथान संदेष्ट्याने जाब विचारल्यावर म्हटले आहे हे मला ठाऊक आहे, पण ते स्तोत्र मुख्य गवयाच्या हाती गेले, लोकांनी गायले आणि त्याच्या शीर्षकात नाथानाचे व बथशेबेचे नाव कायमचे राहिले. दाविदाचा पश्चात्ताप त्याच्या खोलीत राहिला नाही.

प्रभुभोजनाचा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण वाहावे. ‘येऊ नको’ असे तो म्हणत नाही. ‘आधी जा, मग ये’ असे म्हणतो. तसेच करिंथकरांस पहिल्या पत्रातील अकराव्या अध्यायाची भीती दाखवून आपल्याकडे कित्येक भाविकांना वर्षानुवर्षे मेजापासून दूर ठेवले गेले आहे, आणि मला त्याचे वाईट वाटते. करिंथात काय घडत होते? काही जण पुढे होऊन आपापले जेवण उरकत होते, कोणी भुकेला राहत होता, कोणी पिऊन मस्त होत होता, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवले जात होते. पौलाचा राग पापी माणसे मेजाशी आली म्हणून नव्हता. त्याच मेजावरच्या दुर्बळांना त्यांनी तुच्छ लेखले म्हणून होता. तुमच्या घरातील ताट भिंतीवर आदळले तेव्हा त्या मेजाशी तुमच्यापेक्षा दुर्बळ कोण होते, याचा विचार करा. म्हणून माझे सांगणे असे की, प्रभुभोजन सोडू नका, पण पुढच्या प्रभुभोजनाआधी मुलांशी व पत्नीशी बोला. बोलणे झाले नसेल, तर त्या रविवारी थांबा आणि त्याच संध्याकाळी बोला.

बोलताना मुलांना एकेकट्याला घेऊन बसा. ‘मी तुला मारले, ते चूक होते, ते पाप होते, तू काहीही केले असतेस तरी तुझ्यावर पट्टा काढण्याचा मला हक्क नव्हता,’ एवढे म्हणा आणि थांबा. ‘पण तूही उत्तरपत्रिका लपवायला नको होतीस’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. गणिताची चौकशी दुसऱ्या एखाद्या दिवशी शांतपणे करता येईल. मुलाने उत्तरपत्रिका का लपवली याचे उत्तर कदाचित तुम्हांलाच मिळेल. बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, असे इफिसकरांस पत्र सांगते, आणि तसे केल्यास मुले खिन्न होतील, असा इशारा कलस्सैकरांस पत्रात दिला आहे. नीतिसूत्रांतील छडीच्या वचनाचा आधार घेऊ नका. त्या वचनात प्रीतीची शिस्त आहे; भिंतीवर आदळलेले ताट आणि कमरेचा पट्टा त्यात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला स्पष्ट बोलली पाहिजे. तुम्ही शिक्षक आहात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शाळेत तुम्ही पट्टा काढत नसणार. वर्गातली मुले तुमच्या मुलापेक्षा कमी त्रास देतात म्हणून नव्हे, तर तिथे मुख्याध्यापक आहेत, पालक आहेत, कायदा आहे, म्हणून. याचा अर्थ तुमचा राग अनावर नाही. कुठे आवरायचे हे त्याला कळते, आणि जिथे जाब विचारणारे कोणी नाही तिथे तो मोकाट सुटतो. हे वाचायला कठीण जाईल, पण मला यात आशा दिसते. जो राग एका ठिकाणी आवरता येतो तो दुसऱ्या ठिकाणीही आवरता येतो, घरातही जाब विचारणारे कोणी असले तर. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तुम्हांला आठवेल, ज्यात पौल म्हणतो की, जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही आणि जे वाईट करावेसे वाटत नाही तेच करतो. तो ‘मी’ विश्वासी आहे की विश्वासात येण्यापूर्वीचा, यावर सुरुवातीपासून मतभेद आहेत, आणि संत ऑगस्टिन यांनी तर याविषयी आपले स्वतःचे मत पुढे बदलले. ते काहीही असो, पौल त्या अध्यायात मुक्काम करत नाही. आठव्या अध्यायात तो दंडाज्ञा नाहीच असे जाहीर करतो आणि लगेच पुढे, आत्म्याच्या योगे देहाची कर्मे ठार मारा, असे सांगतो. मारायचे ते तुम्हीच, पण एकट्याच्या बळावर नव्हे.

म्हणून प्रभूला रात्री ‘पुन्हा कधीही नाही’ असे वचन देणे आता थांबवा, आणि त्याऐवजी दिवसाउजेडी काही गोष्टी करा. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि एखाद्या ज्येष्ठ वडिलांना हे पत्र जसेच्या तसे सांगा आणि त्यांनी दर आठवड्याला तुम्हांला विचारावे अशी मोकळीक द्या. त्यांनी तुमच्या पत्नीलाही वेगळे विचारावे, कारण तुमच्या सांगण्यावरच सगळे अवलंबून राहू नये. याकोब आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा असे सांगतो ते याचसाठी, आणि आपल्या कॅथलिक बांधवांना धर्मगुरूजवळ पापनिवेदन करण्याची जी सवय आहे तिच्यातील शहाणपण आपण प्रोटेस्टंटांनी उगाच घालवले, असे माझे मत आहे. शास्त्रपाठ आणि इतर सेवा काही काळ बाजूला ठेवण्याची तयारी स्वतःहून दाखवा. पट्टा ज्या खिळ्याला टांगलेला असेल तिथून तो काढून टाका. शाळेतून दमून-भुकेजून आल्यावर जेवणाच्या वेळी अभ्यासाचा विषय काढायचा नाही असे ठरवा, आणि छातीत धडधड सुरू झाली की उठून घराबाहेर पडा. प्रभु येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासनांसाठी तरतूद करू नका, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील वचन मला इतके साधे वाटते. समुपदेशकाची मदत घेण्यात विश्वासाची काही कमतरता नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

‘घराण्यातच जमदग्नी’ या बोलण्याविषयी थोडेसे. ज्यांची भजने आपण दर रविवारी गातो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक शीघ्रकोपी होते, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात ते लपवलेले नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. स्वभाव काही त्या दिवशी पाण्यात राहिला नाही. हे वाचून मला नेहमी धीर येतो, कारण प्रभू अशाही माणसाला वापरतो. पण त्याच पुस्तकामुळे मला हेही कळते की, बापाच्या व नवऱ्याच्या रागाची किंमत घरातल्यांनी मोजलेली असते आणि ती त्यांच्या लक्षात राहते. तुमच्या वडिलांचा राग तुमच्या अजून लक्षात आहेच.

तुमच्या मुलाने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवू नका. तो कदाचित खांदे उडवून निघून जाईल, किंवा ‘बरं’ एवढेच म्हणेल आणि मोटारसायकलचा आवाज ऐकून पुढेही काही महिने आत जात राहील. त्याचा विश्वास परत मिळवणे हा तुमच्या पश्चात्तापाचा भाग आहे. तो देणे न देणे हे त्याचे काम आहे आणि ख्रिस्ती धर्माचा हवाला देऊन ते त्याच्याकडून उकळता येत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय या जकातदाराने ‘चौपट परत करतो’ म्हटले तेव्हा आपले देणे किती हे त्याने स्वतः उभे राहून सांगितले, लोकांनी किती माफ करावे हे सांगितले नाही. आणि मध्ये कधी पुन्हा आवाज चढला, तर पेत्राप्रमाणे वळा, आणि त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर वळा. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्रीची वाट पाहू नका.

शेवटी, हा अंक घरी येत असेल तर तुमच्या पत्नीसाठी. ताई, तुमच्या गप्प राहण्याचे कारण मी ओळखू शकतो. सोसणे हेच ख्रिस्ती पत्नीचे कर्तव्य असे कोणी तुम्हांला सांगितले असेल, तर ते पवित्र शास्त्राला धरून नाही. नवऱ्यासाठी प्रार्थना करत असतानाच, मुलांना मार बसण्याची भीती वाटली तर त्यांना घेऊन माहेरी किंवा बहिणीकडे जाण्याची तुम्हांला पूर्ण मोकळीक आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. तिथे फोन करणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे, आणि मंडळीतील कोणी तसे म्हटले तर त्यांना हे पान दाखवा.